एबीएसचा दिवा आणि निदानाची मजुरी

गाडीच्या मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागला की गाडीमालक दोन प्रश्न विचारतो. गाडी चालेल का? आणि खर्च किती? दिवा का लागला, हा तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, आणि त्याचे उत्तर शोधण्यात मिस्त्रीचा जो वेळ जातो त्याचे पैसे देण्यास तर सहसा कोणीच तयार नसतो. आमच्या मते मोटार दुरुस्तीच्या धंद्यातील बरीचशी बेइमानी येथेच जन्म घेते. खरे काम केले तर मजुरी मिळत नाही आणि पार्ट बदलला तरच मिळते, अशी रीत पडली की चांगला मिस्त्रीही हळूहळू पार्ट बदलू लागतो.

हा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर घेण्याचे कारण उघड आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगार ज्या मोजक्या व्यवसायांत मोठ्या संख्येने दिसतात, त्यांत रस्ते वाहतूक आणि वाहन दुरुस्ती यांची नोंद केली होती. नाशिकहून मनमाडकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचल्या तरी ते कळते. पंक्चरवाला, बॅटरीवाला, पाटेवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला, वायरिंगवाला. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेला हा हुनर आहे. कागदावरची पदवी नसली तरी इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगणारे लोक त्यात आहेत. पण एबीएसचा दोष आवाज करीत नाही. तो फक्त दिवा लावतो.

निफाड तालुक्यातील सायखेड्याचे उदाहरण घ्या. गोदाकाठचे हे बाजाराचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार येथे आहे, आसपास द्राक्षबागा आणि ऊस आहे. कांद्याचा ट्रक येथून निघाला की मुंबईच्या वाटेवर त्याला कसारा घाट उतरावाच लागतो. पावसाळ्यात ओला घाट, वळण, पुढे अचानक थांबलेली गाडी. अशा वेळी ड्रायव्हरने ब्रेकवर पूर्ण पाय दिला आणि चाके जाम झाली, तर गाडी स्टिअरिंग ऐकत नाही. ती सरळ फरपटत जाते. रिकाम्या ट्रकची मागची चाके तर लगेच जाम होतात, आणि ट्रेलर असेल तर तो कात्रीसारखा दुमडतो. एबीएस ही व्यवस्था नेमकी याच क्षणासाठी आहे. ती प्रत्येक चाकाचा वेग मोजत राहते, एखादे चाक जाम होऊ लागले की त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते, आणि हे एका सेकंदात कित्येक वेळा करते. गाडी थांबते आणि थांबेपर्यंत वळवताही येते.

बॉश कंपनीची ही व्यवस्था १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आली, तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. (हीच बॉश आपल्याकडे मायको म्हणून ओळखली जात असे, आणि सातपूरच्या कारखान्यामुळे नाशिककरांच्या घरोघरी तिचे नाव आहे.) आता ती चैन राहिलेली नाही. आपल्या देशात मोठ्या ट्रक आणि बसगाड्यांवर २०१५ पासून, आणि नव्या मोटारींवर व १२५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. म्हणजे त्या गाड्या आता जुन्या होऊन, कंपनीच्या वॉरंटीतून बाहेर पडून, आपल्या गॅरेजांच्या दारात येऊ लागल्या आहेत. प्रश्न आजचा आहे तो असा.

दिवा काय सांगतो हे आधी नीट समजून घ्यावे. चावी फिरवल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. काही ट्रकमध्ये तो गाडी थोडी चालल्यावरच विझतो. विझला नाही किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर यंत्रणेने दोष पाहून स्वतःला बंद करून घेतले आहे. साधे ब्रेक मात्र चालू असतात. म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करून गाडी महिनोन्‌महिने चालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना वाटते की काही बिघडले नाही. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गोष्ट वेगळी आहे. ब्रेक ऑईल कमी झाले असेल, गळती असेल, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडली असेल. तेथे गाडी उभी करावी, पुढच्या गावापर्यंत ढकलू नये.

आणि चावी फिरवल्यावर दिवा मुळीच लागत नसेल तर? ते सर्वांत वाईट लक्षण आहे. अशा गाडीत बहुधा कोणीतरी दिवाच मारलेला असतो. बल्ब काढलेला, आतून काळी पट्टी चिकटवलेली, किंवा अधिक हुशारीने त्याची वायर चार्जिंगच्या वा ऑईलच्या दिव्याला जोडलेली, म्हणजे इंजिन सुरू होताच तो विझतो आणि पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही करामत चालते, आणि ती करणारा स्वतःला कारागीर समजतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतला माल ओला निघतो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विक्रेत्याने पावसाचे निमित्त सांगितले. तरी भिजलेले धान्य गिऱ्हाइकाला दिसेल असे वर का ठेवले नाही, हा सवाल त्याला झालाच. कांद्याच्या बाजारात राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गोणीच्या तोंडाला चांगला माल आणि तळाला सडका भरणाऱ्याला व्यापारी आणि शेतकरी दोघेही ओळखतात. दिवा मारलेली गाडी विकणारा त्याच रांगेत बसतो, फरक इतकाच की सडक्या कांद्याने कोणाचा जीव जात नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे आणि तो जास्त प्रतिष्ठित आहे. गाडी येते, स्कॅनर लावला जातो, पडद्यावर ‘डावे मागचे चाक, सेन्सर’ असे काही उमटते, आणि सेन्सर बदलला जातो. दिवा दोन दिवसांनी पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर. मग एबीएसचे मॉड्यूलच गेले असे सांगितले जाते, ज्याची किंमत हजारांत नव्हे, दहा-दहा हजारांत मोजावी लागते. बिल मोठे, कागद छापील, दुकान वातानुकूलित. पण निदान झालेलेच नसते. स्कॅनरचा कोड हा पत्ता आहे, गुन्हेगाराचे नाव नव्हे. ‘डावे मागचे चाक’ याचा अर्थ एवढाच की त्या चाकाकडून येणारी खबर पोहोचत नाही. खबर देणारा सेन्सर मेला असेल, वाटेत वायर तुटली असेल, ज्या दातेरी रिंगकडे पाहून तो वेग मोजतो ती रिंग तडकली असेल, किंवा नुसता चिखल असेल.

येथे थोडे खोलात जाणे भाग आहे, कारण सारा पैसा या क्रमातच वाचतो किंवा बुडतो. पहिली गोष्ट डोळ्यांनी पाहायची. चारही टायर एकाच मापाचे आहेत का? एक नवा आणि वेगळ्या मापाचा टायर लावला तर ते चाक वेगळ्या गतीने फिरते आणि यंत्रणा गोंधळते. फ्यूज पाहावा, बॅटरीचे आणि चार्जिंगचे व्होल्टेज पाहावे. अशक्त बॅटरीने लागलेला दिवा सेन्सर बदलून विझत नाही. मग चाकाजवळ बसून सेन्सरची वायर हाताने चाचपत कपलरपर्यंत जायचे. पुढच्या चाकांना वायर प्रत्येक वळणाला वाकते, त्यामुळे वरून रबर साबूत आणि आत तांबे तुटलेले, असे वारंवार सापडते. मल्टिमीटर लावून वायर हलवून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

गोदाकाठी तर कपलर आधी उघडावा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले होते. पुरात उभी राहिलेली गाडी धुवून-पुसून लगेच सुरू होते, पण कपलरमध्ये शिरलेले गढूळ पाणी हिरवा गंज चढवत राहते आणि दोष पुष्कळ दिवसांनी, पुराची आठवण विसरल्यावर, दिसतो. जुनी गाडी घेणाराने ती पुरातून निघाली आहे काय, हे विचारावे. आणि विकणाराने न विचारताही सांगावे.

सेन्सरचे दोन प्रकार आहेत हे पुष्कळ जुन्या मिस्त्रींना कोणी सांगितलेलेच नाही. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तार. त्याचा रोध मल्टिमीटरवर मोजता येतो, बहुतेक गाड्यांत तो एक-दोन हजार ओहमच्या आसपास असतो, आणि चाक हाताने फिरवले की मीटरवर थोडे एसी व्होल्टेज दिसते. नव्या पद्धतीच्या सेन्सरला मॉड्यूलकडून वीज लागते. त्याला ओहमवर मोजून काहीच कळत नाही, उलट तो खराब होऊ शकतो. तेथे कपलरवर वीज येते का, आणि चाक फिरवताना संकेत बदलतो का, हे पाहायचे. जुन्या रीतीने नवा सेन्सर मोजून ‘मेला’ म्हणून फेकून दिलेले चांगले सेन्सर किती असतील, अल्लाह जाणे.

एक फसवा दोष तर दुरुस्तीतूनच जन्मतो. आजच्या पुष्कळ मोटारींत लोखंडी दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते. दिसायला दोन्ही बाजू सारख्या. बेअरिंग प्रेसवर उलटे बसले की चाक लोण्यासारखे फिरते, आवाज जातो, गिऱ्हाईक खूश, आणि एबीएसचा दिवा लागतो. सेन्सर कितीही बदला, तो विझणार नाही. बसवण्यापूर्वी बेअरिंगच्या सीलजवळ एक बारीक टाचणी नेली तर कोणती बाजू ओढते ते लगेच कळते. ही टाचणीची युक्ती शिकवायला किती वेळ लागतो? आणि ती न शिकवल्यामुळे एका गरीब शागिर्दाच्या पगारातून किती बेअरिंगांचे पैसे कापले जातात?

ट्रकची कथा निराळी. तेथे सेन्सर स्क्रूने आवळलेला नसतो. तो स्प्रिंगच्या बुशमध्ये दाबून बसवलेला असतो. लायनरचे काम करताना हब काढला की तो मागे सरकतो, किंवा हबचे बेअरिंग ढिले असेल तर चाकच त्याला मागे ढकलत राहते. अंतर वाढले की खबर बंद, दिवा चालू. उपाय काय? जागा साफ करून सेन्सर हाताने दाबून रिंगला टेकवायचा. चाक फिरताच आवश्यक तेवढे अंतर तो आपोआप घेतो. बेअरिंग ढिले असेल तर ते आवळायचे. पार्टचा खर्च काही नाही. आता सांगा, ज्या मिस्त्रीने हे ओळखले त्याला ट्रकमालक काय देतो? “चाचा, नुसते दाबले तर! याचे कसले पैसे?” असे म्हणून चहा पाजतो आणि निघून जातो. तोच मालक दुसऱ्या ठिकाणी न लागणारा सेन्सर घेऊन हजारो रुपये मुकाट्याने मोजतो, कारण हातात खोका मिळतो.

आमचे म्हणणे हे आहे. निदान हे काम आहे आणि त्याची मजुरी वेगळी लावली पाहिजे. डॉक्टर तपासणीची फी घेतो, औषध लिहून दिले नाही तरी घेतो, आणि ते कोणाला गैर वाटत नाही. वकील सल्ल्याचे पैसे घेतो. मग दीड तास गाडीखाली झोपून तुटलेली वायर शोधणाऱ्याने ‘वायर जोडल्याचे पन्नास रुपये’ का घ्यावेत? फुकटच्या निदानाचा खर्च शेवटी पार्टच्या किमतीत लपवावा लागतो, आणि लपवाछपवीची एकदा सवय झाली की ती तेवढ्यावर थांबत नाही. कुरआनात एका सूरहचे नावच मापात घट करणाऱ्यांवरून, ‘मुतफ्फिफीन’ असे आहे. आपण हे माप नेहमी तराजूपुरते समजतो. मिस्त्रीचे माप वेळेचे आणि ज्ञानाचे आहे. आणि गिऱ्हाईकही देताना माप मारू शकतो, हे गाडीमालकांनी ध्यानात घ्यावे.

यावर मिस्त्री मंडळी म्हणतील की सायखेड्यासारख्या ठिकाणी तपासणीची फी मागितली तर गिऱ्हाईक सरळ नाशिकला जाईल. आक्षेप खोटा नाही. सुरुवातीला काही जातीलही. पण फी आधी सांगितली, दोष सापडून दुरुस्ती येथेच केली तर ती बिलात वळती करून घेतली, आणि चिठ्ठीवर तक्रार काय, कोड कोणता, काय मोजले, काय निघाले हे चार ओळींत लिहून दिले, तर जाणारा परत येतो. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. चिठ्ठी लिहिण्याचा कंटाळा हा आपल्या लोकांचा जुना रोग आहे. हिशेब तोंडी, हमी तोंडी, आणि भांडण मात्र चारचौघांत.

ज्ञान मिळत नाही ही दुसरी तक्रार, आणि तीत पुष्कळ तथ्य आहे. कंपन्यांनी आपल्या गाड्यांची तपासणी-यंत्रे, माहिती आणि सुटे भाग वर्षानुवर्षे स्वतःच्या अधिकृत दुकानांपुरते ठेवले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना याबद्दल एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व तपासणी-साधने मिळाली पाहिजेत असे सांगितले. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत मोटारीही होत्या. आपल्या गल्लीतील किती मिस्त्रींना यातले काही ठाऊक आहे? ज्या निकालाने आपल्या रोजीचा प्रश्न हाती घेतला, त्याची चर्चा आपल्या मजलिशीत झाली नाही. निवडणुकीची मात्र रोज होते.

तरीही सर्व दोष कंपन्यांवर टाकून चालणार नाही. स्वस्तातला स्कॅनर घेऊन ‘आमच्याकडे कॉम्प्युटर आहे’ अशी पाटी लावणारे बहुधा फक्त इंजिनाचे कोड वाचतात. एबीएसचे, म्हणजे ‘सी’ अक्षराने सुरू होणारे कोड त्या यंत्राला पुष्कळदा दिसतच नाहीत. एबीएस वाचणारे चांगले यंत्र एका लहान गॅरेजला महाग पडते, हे मान्य. मग सायखेडा, चांदोरी, ओझर, निफाड येथील चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून एक का घेऊ नये? साझेदारी ही आपल्या व्यापारी परंपरेतील जुनी आणि जायज रीत आहे, सूद देण्याचा प्रश्नच येत नाही. यंत्र कोणाकडे कोणत्या वारी राहील, बिघडले तर खर्च कसा वाटायचा, हे आधी लिहून ठेवावे म्हणजे झाले. भांडवल कमी पडत असेल तर गावातील सधन व्यापाऱ्यांनी कर्जे-हसना म्हणून रक्कम द्यावी. शादीच्या मंडपावर जाणाऱ्या पैशाच्या मानाने ती फार मोठी नाही.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. सातवी-आठवीतून मुलगा काढून गॅरेजवर बसवण्याची पद्धत ज्या काळात चालून गेली, तो काळ कार्ब्युरेटरचा होता. आज वायरिंगचा नकाशा वाचता येत नाही, ओहम आणि व्होल्ट यांतला फरक कळत नाही, तो मुलगा आयुष्यभर पाना देणाराच राहील. सरकारी आयटीआयत मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावी करून तो करावा, आणि सुट्टीत उस्तादाकडे हात काळे करावेत. उस्तादांनीही शागिर्दाला वायरिंगचा नकाशा दाखवताना हात आखडता घेऊ नये. मुलगा शिकला तर शेजारी दुकान टाकील ही भीती खरी आहे, पण रस्त्यावर गाड्या सर्वांना पुरतील इतक्या झाल्या आहेत.

ज्यांच्याकडे आज स्कॅनर नाही त्यांनीही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर, तारेचा ब्रश, एक टाचणी आणि वही एवढ्यावर चाकाजवळचे पुष्कळसे दोष सापडतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यात, गाडीमालकांनी ट्रक आणि मोटारी एक दिवस मिस्त्रीकडे उभ्या कराव्यात. चावी फिरवून दिवा लागतो आणि विझतो याची खात्री करावी, चारही चाकांचे कपलर उघडून साफ करून घ्यावेत, सेन्सरसमोरचा चिखल आणि लोखंडी चुरा काढावा, हबचे बेअरिंग हलवून पाहावे. काही न बदलता एवढे काम झाले, तर त्या दिवसाची मजुरी किती, हे मिस्त्रीने सकाळीच सांगावे आणि मालकाने संध्याकाळी तेवढी द्यावी.